ऑलिव्हच्या घाण्याचे काळे पाणी

देवापुढील नंदादीपात तेल घालताना, ते तेल ज्या घाण्यावरून आले तेथे मागे काय उरले, याचा विचार आपल्यापैकी सहसा कोणी करीत नाही. करण्याचे कारणही नाही. कारण आपल्याकडे मागे उरते ती पेंड. तीळ असोत, भुईमूग असो, की उन्हात वाळविलेले खोबरे असो, आपला जिन्नस घाण्यात पडण्यापूर्वीच सुकलेला असतो. तेल गळून गेले की पेंड गोठ्यात जाते, गाय ती आवडीने खाते आणि व्यवहार तेथेच मिटतो. भूमध्य समुद्राच्या काठच्या लोकांचे तसे नाही. त्यांचे तेल बीजाचे नसून फळाचे आहे. ऑलिव्हच्या ताज्या फळात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असते आणि तेल सुमारे पंचमांश. फळ भरडून दाबले म्हणजे तेलाबरोबर एक काळसर, तांबूस, अतिशय कडू आणि उग्र वासाचे पाणी बाहेर पडते आणि खाली बियांच्या चुऱ्यासह ओला चोथा राहतो. या पाण्याचे करावयाचे काय, हा प्रश्न त्या लोकांपुढे दोन हजार वर्षांहून अधिक काळ उभा आहे. त्याची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम त्या तेलाची प्रतिष्ठा ध्यानी घेतली पाहिजे. अथेन्स नगरीची अधिष्ठात्री देवता अथीना. तिने नगराला दिलेले दान म्हणजे ऑलिव्हचा वृक्ष, अशी तेथील लोकांची श्रद्धा होती. इ. स. पूर्व ४८० मध्ये इराणी सैन्याने अक्रोपोलिसवरील देवालय जाळले, तेव्हा तो पवित्र वृक्षही जळाला. परंतु दुसऱ्याच दिवशी त्याच्या बुंध्यातून हातभर कोंब फुटलेला दिसला, असे हेरोडोटस सांगतो. पुढे इ. स. च्या दुसऱ्या शतकात पौसानियस नावाचा प्रवासी त्या टेकडीवर गेला. देवीपुढे कॅलिमाकस या कारागिराने घडविलेला सोन्याचा दिवा त्याने पाहिला. त्यात वर्षातून एकदाच तेल घालीत आणि रात्रंदिवस जळूनही ते पुढील वर्षीच्या त्याच दिवसापर्यंत पुरे, असे त्याने लिहून ठेवले आहे. ज्यूंच्या धर्मग्रंथातही अखंड दिव्यासाठी कुटलेल्या ऑलिव्हचे निर्मळ तेल आणावे अशी आज्ञा आहे. देवापुढे अखंड ज्योत तेवत ठेवण्याची ही भावना आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही.

तेल देवाला गेले, राजाला गेले, श्रीमंताच्या अंगाला लागले. पाणी मात्र शेतकऱ्याच्या अंगणातच राहिले.

या पाण्याला रोमन लोक ‘अमुर्का’ म्हणत. शब्द मूळ ग्रीक. त्याविषयी सर्वांत आस्थेने लिहिणारा पुरुष म्हणजे कॅटो. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील हा रोमन मुत्सद्दी कमालीचा काटकसरी होता. त्याची काटकसर पुष्कळदा निष्ठुरपणाच्या पलीकडे जाई. जुने झालेले बैल आणि म्हातारे, आजारी गुलाम विकून टाकावेत, असा सल्ला त्याने आपल्या शेतीविषयक ग्रंथात निर्विकारपणे दिला आहे. अशा माणसाच्या हातून घाण्यावरचे एक थेंब पाणीही वाया जाणार नव्हते. त्याचा हा ग्रंथ इ. स. पूर्व १६० च्या सुमाराचा असून लॅटिन भाषेत आज संपूर्ण उपलब्ध असलेल्या गद्य ग्रंथांत तो सर्वांत जुना आहे.

कॅटो सांगतो : खळे करावयाचे असेल तर जमीन खणून भुसभुशीत करावी, तिच्यात अमुर्का भरपूर मुरू द्यावा, मग ढेकळे फोडून धुमसाने चोपून सपाट करावे, म्हणजे मुंग्या त्रास देत नाहीत आणि पाऊस आला तरी चिखल होत नाही. धान्याच्या कोठाराच्या भिंतींना माती, भुसा आणि अमुर्का कालवून गिलावा करावा. म्हणजे किडा आणि उंदीर धान्याला लागत नाहीत. अमुर्का आटवून निम्मा करावा आणि कपड्यांच्या पेटीला तळाशी, बाहेरून आणि कोपऱ्यांना चोळावा. म्हणजे कसर लागत नाही. सुके अंजीर ज्या मडक्यात ठेवावयाचे त्यास आतून हाच काढा लावावा. तेलाचे नवे रांजण आधी याच पाण्याने खळबळून घ्यावे. मेंढ्यांना खरूज झाली तर इतर वस्तूंबरोबर हे त्यांच्या अंगास चोळावे. लाकडी सामानाला, चामड्याला, गाडीच्या आसाला, पितळी भांड्यांना, सर्वांना अमुर्का! अडीचशे वर्षांनंतर प्लिनीने लिहिले आहे की, अमुर्काची तारीफ कॅटोने सर्वांपेक्षा वरचढ केली. आणि ते वाचताना प्लिनीच्या ओठांवर किंचित हसू असावे असे आम्हांस वाटते.

शेणाने सारवलेले खळे आणि लिंपलेली कणगी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे विचित्र वाटणार नाही. जो पदार्थ परक्याला घाण वाटतो तोच घरातील धान्य राखतो, हा शेतकऱ्याचा अनुभव सर्वत्र सारखाच आहे. कॅटोच्या यादीकडे थोड्या बारकाईने पाहिले म्हणजे एक गोष्ट दिसून येते. कसर, मुंगी, किडा, खरूज, अंजिराला लागणारी बुरशी, या सगळ्या ठिकाणी अमुर्काचे काम एकच आहे : राखण करणे. या पाण्यात कोणते तरी राखणारे द्रव्य आहे, हे कॅटोला ठाऊक नव्हते. पण ते काम करते हे त्याला पक्के ठाऊक होते.

त्याच्यानंतर व्हॅरो आला. इ. स. पूर्व ३७ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, या विद्वानाने शेतीवर ग्रंथ लिहिला. त्याला या नाण्याची दुसरी बाजू दिसली. अमुर्काचा उपयोग ठाऊक नसल्यामुळे लोक तो घाण्यावरून तसाच शेतात वाहू देतात आणि जेथे तो फार साचतो तेथील जमीन काळी पडून नापीक होते, असे तो सांगतो. थोड्या प्रमाणात मात्र हाच पदार्थ ऑलिव्हच्या मुळांशी आणि जेथे तण माजले असेल तेथे हितकर ठरतो. औषध आणि विष यांत फरक मात्रेचा, हे आपल्या वैद्यांनी सांगितलेलेच आहे. व्हॅरोने ते बांधावर उभे राहून पाहिले. आमच्या मते या विषयाच्या इतिहासात व्हॅरोच्या या दोन-तीन ओळींना फार मोल आहे. कारण पुढच्या दोन हजार वर्षांत जो तंटा झाला तो सर्व त्यांत बीजरूपाने आहे.

रोमच्या वैभवाबरोबर तेलाचा खप अफाट वाढला. रोम शहरात टायबर नदीजवळ मोन्ते तेस्ताच्चो नावाची सुमारे ३५ मीटर उंचीची टेकडी आहे. ती मातीची नव्हे, खापरांची आहे. पहिल्या ते तिसऱ्या शतकात बाहेरून आलेल्या तेलाचे मोठाले कुंभ रिकामे झाल्यावर फोडून तेथे टाकले जात. त्यांचाच हा ढीग. त्यांतील बहुसंख्य कुंभ दक्षिण स्पेनमधून, त्या काळी ‘बेटिस’ म्हटल्या जाणाऱ्या नदीच्या खोऱ्यातून आलेले होते. अशाच भूमध्य प्रदेशातील कुंभांची खापरे आपल्याकडे पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडू येथेही सापडली. त्यांत मद्याच्या कुंभांबरोबर ऑलिव्ह तेलाच्या कुंभांचेही अवशेष ओळखले गेले आहेत. रोममध्ये कुंभांची टेकडी झाली. मग बेटिसच्या काठी अमुर्काचे काय झाले असेल? त्याची टेकडी होत नाही, म्हणून इतिहासात त्याची खूण राहिली नाही. ते नदीत गेले असणार.

पुढे त्या प्रदेशावर अरबांचे राज्य आले. बेटिसची ‘वादी अल् कबीर’ म्हणजे मोठी नदी झाली. आजच्या स्पॅनिश भाषेत ती ‘ग्वादलकिवीर’. तेलाला अरबी नाव ‘झैत’, फळाला ‘झैतून’. ‘झैतून’चे हिंदीत ‘जैतून’ झाले आणि ‘अल् झैत’ पोर्तुगिजांच्या तोंडी ‘अझेइत’ होऊन त्यांच्या गलबतांबरोबर गोमंतकात उतरले. एकच शब्द खुष्कीच्या वाटेने उत्तरेत आणि समुद्राच्या वाटेने आमच्या किनाऱ्यावर आला, हे पाहून मौज वाटते. घाण्याच्या पाण्यालाही स्पेनमध्ये नवे नाव पडले : ‘आल्पेचिन’. त्यातले ‘अल्’ अरबी आणि उरलेला शब्द लॅटिन, अर्थ गाळ. चोथ्याला ते ‘ओरुहो’ म्हणतात. ही दोन नावे वाचकांनी ध्यानात ठेवावीत.

मधल्या शतकांत विशेष काही घडले नाही. घाणे लहान होते. दगडी जाते, गवती चटयांची चवड, वर स्क्रूचा दाब. हंगाम दोन-तीन महिन्यांचा. गावाजवळचा ओढा हिवाळ्यात काळा होई आणि वसंतात पुन्हा निवळे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रसायनशास्त्राने चोथ्यात हात घातला. कार्बन डायसल्फाइड नावाच्या द्रवात चोथ्यातले उरलेसुरले तेल विरघळवून काढता येऊ लागले आणि ते साबणाला गेले. चोथ्याला अशी किंमत आली. पाण्याला मात्र आली नाही. त्यात तेल नव्हते, आणि लोक शोधीत होते ते तेलच.

पाण्यातल्या कडूपणाकडे प्रथम शास्त्रीय दृष्टीने पाहिले ते फ्रान्समध्ये. इ. स. १९०८ मध्ये बुर्केलो आणि व्हिंतिलेस्को या दोघांनी ऑलिव्हमधील कडू द्रव्य वेगळे काढून त्याला ‘ऑलिओरोपीन’ असे नाव दिले. त्याच्या रेणूची रचना उलगडण्यास मात्र १९६० साल उजाडावे लागले. ते काम इटलीत पानित्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. फळ पिकताना आणि भरडले जाताना हे ऑलिओरोपीन मोडते आणि त्यातून ‘हायड्रॉक्सिटायरोसॉल’ नावाचे एक लहान द्रव्य सुटे होते. नाव अवजड आहे. परंतु आमच्या कथेतील मुख्य पात्र हेच असल्याने वाचकांनी ते सहन करावे.

याचे कार्य समजण्यासाठी घरातल्या अनुभवाकडे वळावे. तेलाचा डबा उघडा राहिला तर तेल खवट होते. हवेतील प्राणवायू तेलाच्या रेणूला भिडतो, तो रेणू बिघडतो आणि शेजाऱ्याला बिघडवितो, तो पुढच्याला; एका घराची आग आळीभर पसरावी तसे हे चालते. हायड्रॉक्सिटायरोसॉलसारखे द्रव्य या साखळीत मध्ये शिरते, आपल्याजवळचा हायड्रोजनचा अणू देऊन बिघडलेल्या रेणूला शांत करते आणि आग तेथेच थांबते. अशा द्रव्यांना ऑक्सिडीकरणविरोधी किंवा प्रतिऑक्सिडीकारक द्रव्ये म्हणतात. ऑलिव्हचे चांगले तेल दीर्घकाळ टिकते व घशाशी किंचित झोंबते, ते याच वर्गातील द्रव्यांमुळे.

आता खरी मेख येथे आहे. यांतील पुष्कळशी द्रव्ये तेलापेक्षा पाण्याला अधिक धरून असतात. फळ दाबले की तेल एकीकडे जाते आणि ही द्रव्ये बहुतांशी पाण्याबरोबर निघून जातात. एका अंदाजाप्रमाणे फळातील अशा द्रव्यांचा शेकडा दोन इतकाच अंश तेलात उतरतो; बाकीचा पाण्यात व चोथ्यात विभागला जातो. म्हणजे तेलाला राखणारी शिबंदी तेलाबरोबर जातच नाही, ती गटारात जाते. कॅटोची पेटी कसरीपासून वाचत होती ती याच शिबंदीमुळे असावी, आणि व्हॅरोची जमीन नापीक होत होती तीही बहुतेक याच शिबंदीमुळे. जे द्रव्य बुरशीला वाढू देत नाही ते मातीतल्या उपकारक जिवाणूंनाही वाढू देत नाही. कोवळ्या रोपाची मुळे त्याने करपतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे दुखणे हाताबाहेर गेले. १९७० च्या दशकापासून चटयांचे घाणे मागे पडून जोराने फिरणारी यंत्रे आली. ती तेल, पाणी व चोथा तीन वाटांनी वेगळे करीत, पण त्यासाठी वरून गरम पाणी घालावे लागे. एक टन फळामागे सुमारे एक हजार लिटर आल्पेचिन निघू लागले. पाण्यातील घाण कुजण्यास किती प्राणवायू लागतो यावर तिची तीव्रता मोजतात. त्या मापाने हे पाणी शहराच्या सांडपाण्याच्या शंभरपट आणि त्याहूनही अधिक जहाल भरते. ते नदीत पडले की नदीतला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. रोमला तेल पुरविणाऱ्या त्याच ग्वादलकिवीरच्या खोऱ्यात ही अवस्था आली, तेव्हा १९८१ मध्ये स्पेनच्या सरकारने आल्पेचिन नदीत सोडण्यास बंदी केली. घाणेवाल्यांनी मोठमोठी तळी खणून त्यांत ते साठविण्यास आणि उन्हाने आटविण्यास सुरुवात केली. नदी सुटली, तळ्यांच्या वाऱ्यावर राहणाऱ्या गावांना दुर्गंध मिळाला. इटलीने १९९६ च्या कायद्याने व्हॅरोचीच वाट धरली : हे पाणी शेतात पसरावे, पण मोजून. दर हेक्टरी वर्षाला दाबाच्या घाण्याचे पाणी ५० घनमीटर आणि फिरत्या यंत्राचे ८० घनमीटर, यापुढे नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याने ‘थोडे चालेल’ असे म्हटले होते. कायद्याने त्याला आकडा दिला, इतकेच.

स्पेनने १९९० च्या दशकाच्या प्रारंभी यंत्रच बदलले. नव्या यंत्रात बाहेरचे पाणी जवळजवळ लागत नाही. तेल एकीकडे आणि बाकी सर्व दुसरीकडे. आल्पेचिन आणि ओरुहो एकत्र झाल्यामुळे त्यांची नावेही जोडून ‘आल्पेरुहो’ असा नवा शब्द बनला. हजार किलो फळामागे सुमारे आठशे किलो आल्पेरुहो निघतो. ओढ्यातले पाणी वाचले. पण यार्डात चिखलाचे डोंगर उभे राहिले. प्रश्न सुटला असे म्हणण्यापेक्षा तो द्रवाचा घट्ट झाला असे म्हणणे अधिक खरे होईल.

याच सुमारास दुसऱ्या दिशेने दृष्टी वळली. १९५८ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी सात देशांतील पुरुषांच्या आहाराचा आणि हृदयविकाराचा अभ्यास आरंभिला होता. क्रीट बेटावरचे शेतकरी ऑलिव्ह तेल भरपूर खात असूनही त्यांच्यात हृदयविकाराने मरणारे फार थोडे आढळले. तेव्हापासून या तेलात कोणता गुण आहे याचा शोध चालू होता. मिलान विद्यापीठातील व्हिसिओली, गाल्ली आणि त्यांचे सहकारी हे तेलातील याच द्रव्यांवर काम करीत होते. १९९५ मध्ये त्यांनी एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. त्याचे तात्पर्य असे की, घाण्याचे टाकाऊ पाणी नैसर्गिक प्रतिऑक्सिडीकारक द्रव्यांनी समृद्ध आहे. निबंध चार पानांच्या आतला; परंतु नदीची घाण मोजणारे आणि हृदयाचे आरोग्य मोजणारे हे दोन वर्ग त्यामुळे एकाच हौदाच्या काठाशी आले.

त्यानंतर द्रव्य काढण्याच्या युक्त्या निघाल्या. सेव्हिल येथे १९४७ पासून स्निग्ध पदार्थांच्या अभ्यासाची सरकारी संस्था आहे. तेथे फर्नांदेझ-बोलान्योस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आल्पेरुहोला दाबाखालील वाफेने शिजवून हायड्रॉक्सिटायरोसॉल सुटे करण्याची व मग गाळून शुद्ध करण्याची रीत बसविली. १९७८ मध्ये प्रयोगशाळेत मानवी इन्सुलिन बनविण्याच्या ऐतिहासिक कार्यात ज्यांचा हात होता ते इटालियन रसायनशास्त्रज्ञ रोबेर्तो क्रेया यांनी पुढे कॅलिफोर्नियात ऑलिव्हच्या पाण्यापासून अर्क काढण्याचा उद्योग आरंभिला. अन्यत्र हे पाणी एकाहून एक बारीक छिद्रांच्या पडद्यांतून दाबाने गाळतात : पहिल्यात गाळ अडतो, पुढच्यात मोठे रेणू, शेवटी जवळजवळ स्वच्छ पाणी बाहेर पडते आणि मागे द्रव्यांचा दाट अर्क राहतो. ही रीत आम्हांस सर्वांत समाधानकारक वाटते, कारण तिच्यात अर्कही मिळतो आणि पाणीही सुटते. नुसता अर्क काढून उरलेली घाण पुन्हा तळ्यात सोडणाऱ्या उद्योगाला टाकाऊतून संपत्ती निर्माण केल्याचे श्रेय घेता येणार नाही.

येथे वाचकांस सावध करणे आमचे कर्तव्य आहे. हा अर्क आता कुप्यांत आणि गोळ्यांत भरून विकला जातो आणि जाहिरातींत त्याच्या नावाने वार्धक्यापासून कर्करोगापर्यंत सर्व रोग हटविले जातात. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०११ मध्ये जे मान्य केले ते पुष्कळच मोजके आहे. दररोज २० ग्रॅम ऑलिव्ह तेलातून हायड्रॉक्सिटायरोसॉल व तत्सम द्रव्ये किमान ५ मिलिग्रॅम पोटात गेली, तर रक्तातील स्निग्धांशाचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण होण्यास मदत होते, इतकेच त्याचे म्हणणे. २०१२ च्या नियमाने जी परवानगी मिळाली तीही तेलाला, गोळीला नव्हे. केवळ प्रतिऑक्सिडीकारक म्हटल्याने द्रव्य हितकर ठरत नाही, याचा कडू धडा १९९४ मध्ये फिनलंडने दिला. तेथे २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर जीवनसत्त्वांचा प्रयोग झाला. गाजरात असणारे बीटा-कॅरोटीन ज्यांना गोळ्यांतून दिले, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी शेकडा १८ ने अधिक आढळला. ते द्रव्य निराळे हे खरे. परंतु फळात जे गुणकारी ते वेगळे काढून दिल्यावरही गुणकारीच राहील, हे गृहीत धरता येत नाही. मात्रेविषयी व्हॅरोने जमिनीच्या बाबतीत जे पाहिले ते शरीराच्या बाबतीतही पाहावे लागते.

अर्काचा खाण्याखेरीज दुसराही उपयोग आहे, आणि तो आम्हांस अधिक भरवशाचा वाटतो. तेले व तळलेले पदार्थ खवट होऊ नयेत म्हणून आज कारखान्यांत कृत्रिम द्रव्ये घालतात. त्यांच्या जागी हा अर्क वापरता येतो, असे प्रयोग झाले आहेत. अमुर्काने मडक्याला आतून लेप देऊन अंजीर राखणाऱ्या कॅटोला यात नवे काही दिसले नसते.

भारतातही हा विषय आता अगदीच परका उरलेला नाही. राजस्थानात २००८ च्या सुमारास इस्रायली तज्ज्ञांच्या साह्याने ऑलिव्हची लागवड झाली आणि २०१४ मध्ये बिकानेर जिल्ह्यातील लूणकरणसर येथे तेलाचा कारखाना निघाला. तेथे फळ थोडे म्हणून पाणीही थोडे.

भूमध्य प्रदेशात मात्र हंगाम पूर्वीसारखाच दोन-तीन महिन्यांचा असतो. साधारणतः नोव्हेंबरात फळ उतरते आणि घाणे रात्रंदिवस चालतात. निघालेले पाणी काही दिवसांतच आंबू लागते आणि त्यातील द्रव्ये हवेने काळी पडून निकामी होतात. म्हणून अर्क काढावयाचा तर ताज्या पाण्यातूनच, त्याच आठवड्यात. पडद्यांचे महागडे यंत्र दहा महिने बंद ठेवणे लहान घाणेवाल्याला परवडत नाही. त्यामुळे अर्क निघतो तो जेथे अनेक घाण्यांचा माल टँकरने एका ठिकाणी आणता येतो तेथे. डोंगरातल्या एकट्या घाण्याचे पाणी अजूनही मागच्या तळ्यातच जाते. ग्रीक शेतकरी त्याला ‘कात्सिगारोस’ म्हणतात, आणि उन्हाळ्यात तळे आटले की तळाशी काळ्या खपल्या उरतात.